चुकलेला टक

दवाखान्यातून फोन आला तेव्हा शिंपीमास्तर बाही जोडत होते. "तुमच्या पत्नी गेल्या," पलीकडून कुणीतरी सांगितलं.

"नीट बघा हो. दुपारी त्यांचा तास आहे," मास्तर म्हणाले. चटकन विश्वास ठेवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

ती पहिल्यांदा दुकानात आली तेव्हाही त्यांनी तो ठेवला नव्हता. शिवायला काही आणलेलं नाही, हातात नुसती वही आणि नजर पुतळ्याच्या खांद्यावर.

"मास्तर, कापड सपाट, खांदा गोल. मग ते चुणी न पडता बसतं कसं?"

"तुम्हाला कशाला हवंय?"

"मी भूमिती शिकते, प्रबंधासाठी. वळणदार पृष्ठभागांची."

"अस्सं... मग समोरच्या टेलरला विचारायचं."

"त्यांनीच तर तुमच्याकडे पाठवलं—"

झालं! म्हणजे ही त्याची हेर. मास्तरांनी गोड हसून टक, म्हणजे कापडाला गोलाई देणारी आतली दुमड, कुठे घालायचा ते दाखवलं. मुद्दाम दोन बोटं मागे.

पाचव्या दिवशी ती परत हजर.

"मास्तर, तुमचा टक चुकला. दोन बोटं पुढे हवा."

"कोण म्हणतं?"

"गणित!" तिने वही पुढे केली. सहा पानं आकडेमोड, आणि सातव्यावर त्यांच्याच पुतळ्याचा खांदा.

मास्तरांची कात्री हवेतच राहिली. हे समोरच्याला सात जन्मांत जमलं नसतं. "चुकलो असेन..." ते पुटपुटले.

मग ती रोजच येऊ लागली. आज कॉलर, उद्या बाही. हिच्या पोटात आहे तरी काय? शेवटी मास्तरांनी विचारलंच.

"तुमचा तो प्रबंध कधी संपायचा?"

"देऊन दोन महिने झाले," ती मोजपट्टीशी चाळा करत म्हणाली.

"मग येता कशाला?"

"एवढे संशयी तुम्ही... आणि हा एवढासा संशय नाही आला?"

मास्तरांचे कान लाल झाले. पडलेली सुई शोधायला ते टेबलाखाली वाकले, ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

लग्न झालं. ती प्राध्यापक झाली, पुढे विभागप्रमुख. दरवर्षी पहिल्या तासाला मुलांना सांगायची, "आमच्या ह्यांचा टक चुकला, म्हणून मला माझा विषय सापडला." घरी आली की चिडवायची, "काय चुकलेले मास्तर, जेवलात का?"

मास्तर तोंड उघडायचे आणि मिटायचे. खरं कळलं तर विचारेल, आणखी कशात फसवलंत? त्यापेक्षा उद्या सांगू...

असं उद्या-उद्या करता सत्तावीस वर्षं निघून गेली. टक त्यांनी जाणूनबुजून चुकवला होता, हे तिला सांगायचं राहिलं आहे.