आडव्या ओळींवरच्या उभ्या ओळी

मुलांना मी अजूनही एक जुनी गंमत शिकवते. आमच्या तरुणपणी टपाल महाग होतं, म्हणून कागद भरला की लोक तो पाव वळसा फिरवत आणि आधीच्या ओळींवरूनच उभ्या ओळी लिहीत. बघणाऱ्याला नुसती जाळी दिसे. मुलं विचारतात, "मिस ऑर्म, हे वाचायचं कसं?" मी सांगते, "एकाच दिशेच्या ओळींकडे बघ. दुसऱ्या आपोआप मागे सरतात." अगदी उतावळं पोरही थोड्या वेळाने वाचू लागतं.

माझी मैत्रीण विनी सेलवुड मात्र असं कधीच लिहीत नसे. "शब्दांवर पाय देऊन चालल्यासारखं वाटतं गं, ताबी," म्हणायची. मी इथे डर्बीशायरच्या टेकडीवरच्या शाळेत, ती खाली खोऱ्यात भावाच्या घरी. तिची सगळी पत्रं एकाच दिशेची, मोकळी. खोकल्याच्या औषधाचा वास लपवायला ती शेकोटीच्या कडेवर संत्र्याची सालं ठेवी, आणि तो करपट गोड वास कागदाला येई. त्या पत्रांतून ती मला नव्या कविता पाठवायची. वर्षभराने त्याच कविता पुस्तकात छापून येत. नाव तिच्या भावाचं, अ‍ॅम्ब्रोज सेलवुड.

शेवटी मी तिला एक संतापाचं पत्र लिहिलं. ते पोचलं तेव्हा तिची शवपेटी दारातून बाहेर निघत होती. अ‍ॅम्ब्रोजने ते न फोडता परत पाठवलं आणि तिची पत्रं मागितली. माणूस गेलं की त्याची पत्रं घरच्यांना परत करायची, हा आमच्यातला सभ्यपणा. मीही सभ्यपणे गठ्ठा बांधून दिला.

मग वर्तमानपत्रात जाहिरात आली. प्रसिद्ध कवी अ‍ॅम्ब्रोज सेलवुड आपल्या दिवंगत बहिणीची निवडक पत्रं छापणार होते. पुस्तकाचं नाव, 'कवीची बहीण'.

त्याच दुपारी मी टेकडी उतरले.

दार त्यांच्या स्वयंपाकीणबाईंनी, मिसेस डकेट यांनी उघडलं. "बरं झालं आलात. साहेबांनी माझी मासे साफ करायची कात्री नेलीय, पत्रं कापायला. आता संध्याकाळचा मासा मी काय दातांनी सोलू?" मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "तुम्हाला संत्र्याचा वास येतो का हो? बाई गेल्यापासून या घरात संत्रं आलेलं नाही."

वास येत होता.

अ‍ॅम्ब्रोज टेबलाशी बसला होता. समोर डिंकाची बाटली, पायाशी कागदाच्या पट्ट्या. विनीने जिथे जिथे 'माझी कविता' म्हटलं होतं, तेवढं तो कातरून काढत होता.

"या मास्तरीणबाई. छडी आणलीत ना?"

"कविता तिच्या आहेत."

"ती उतरवून घ्यायची हो. मी सांगायचो, ती लिहायची. अक्षर चांगलं होतं बिचारीचं."

"तिने मला त्या पाठवल्या तेव्हा तुम्ही इटलीत होतात."

तो हसला. मग हसू आवरून त्याने एक पत्र माझ्यापुढे सरकवलं. "आणि हा आचरटपणा? तुमचाच ना?"

विनीच्या सरळ ओळींवरून उभ्या ओळी गेल्या होत्या. फिकट, पाणी सांडून वाळल्यासारख्या. जन्मभर मी अक्षरं तपासली आहेत. ते विनीचंच होतं. मजकूर म्हणजे त्याची सगळ्यात गाजलेली कविता, पण खाडाखोडीसकट. शब्द लिहिलेला, खोडलेला, वर त्याहून चांगला सुचलेला. उतरवून घेणारा असं खोडत नाही.

"मी दिलं तेव्हा हे नव्हतं."

"मग काय, कागदाला पालवी फुटली?" त्याने ते पत्र मधोमध कापलं आणि खालचं उचललं.

त्यावर तीच कविता होती. अखंड, आणि जरा गडद.

तेही त्याने कापलं. त्याखालचं आणखी गडद होतं.

मी टीपकागदावर बोट टेकवलं. ओला होता. दौतीला बूच होतं.

अ‍ॅम्ब्रोजने सगळा गठ्ठा उचलून विस्तवात टाकला. "आता दाखवा कुणाला काय दाखवायचं ते."

कागद काळे पडून वळले. आडव्या ओळी विरल्या. उभ्या तशाच राहिल्या, राखेवर रुपेरी, सहज वाचता येतील अशा.

त्याने सळईने राख फोडली. त्याचा उजवा हात थरथरत होता. त्याने तो डाव्या हाताने दाबून धरला.

परतीच्या चढावर मला दम लागला, तो वयाने नव्हे. संताप मावत नव्हता.

काही दिवसांनी त्याचं पत्र आलं. अक्षर वळणदार, ओळी सरळ. पुस्तक निघणारच. मूळ पत्रं दुर्दैवाने जळाली. तुमच्यापाशी आता पुरावा नाही, तेव्हा गप्प राहणं शहाणपणाचं.

मी ते फाडणार होते. पण ओळी गर्दी केल्यासारख्या दिसत होत्या. सवयीने मी कागद पाव वळसा फिरवला.

शाई तीच. अक्षर विनीचं, कागद ओरबाडणारं.

"ताबी, तू विचारलंस ना, कुठवर त्याला माझं नाव पुसू देणार म्हणून? आता नाही. त्याचा हात आता माझ्याकडे आहे."

मी खण उघडला. तो प्रश्न मी ज्या पत्रात विचारला होता, ते तिथेच होतं. कुणीच न वाचलेलं. लाखेची मोहोर अखंड होती.

पुढे पुस्तक निघालं, पण कवितांचं, आणि वर नाव विनीचं. मिसेस डकेट सांगतात, साहेबांनीच ते स्वतःच्या हाताने लिहून छापखान्यात पाठवलं. लिहिताना ते रडत होते म्हणे.

अ‍ॅम्ब्रोजची पत्रं मला अजून येतात. पाकिटावर अक्षर त्याचंच असतं. आत उभ्या ओळी असतात. आडव्या नसतात.