भिंतीवरून आलेली राख

ज्या वर्षी थोरल्या ताईला जुळी झाली, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. बाबा सुतार. परसात त्यांना फळ्या रचायच्या होत्या आणि तिथंच मी टोमॅटो लावले होते. ते म्हणाले, "ताई पोरांना घेऊन तिच्या घरी जायच्या आत लाल टोमॅटो दिसला तर वाफा तुझा. नाहीतर माझा."

मी हट्टाला पेटले. दर आठवड्याला शेणखत घातलं. रोपं माझ्या डोक्याच्या वर गेली, पानं तळहाताएवढी... पण फूल आलं की गळून पडे.

एका सकाळी खाली बसून तण काढत होते, तोच भिंतीपलीकडून घमेलंभर राख थेट माझ्या नुकत्याच धुतलेल्या केसांवर!

"अहो, डोळे भट्टीत विसरलात का?"

भिंतीवर शेजारच्या पाववाल्याचं तोंड उगवलं. भुवयांना पीठ. "माफ करा... या जंगलात माणूस असेल असं वाटलं नाही."

"जंगल नाही, टोमॅटो आहेत."

"हो? कुठं आहेत?"

मी ढेकूळ उचललं. तो खाली वाकला — हसतच.

काही दिवसांनी पाहते तर राख पडलेल्या रोपांची फुलं टिकली होती. वाटाण्याएवढी फळं! बाकीची रोपं नुसतीच माजलेली. नाक मुठीत धरून भिंतीशी गेले.

"आज राख टाकणार नाही का?"

"केस धुतलेत?"

"घमेलं द्या मुकाट्यानं."

शेणखत बंद केलं. बुंध्यापासून जरा लांब मूठमूठ राख, वर सकाळचं पाणी. घमेल्याबरोबर पुढं कागदात गुंडाळलेला गरम पावही येऊ लागला. बोटाला बोट लागलं की घमेलं भिंतीवरच जरा रेंगाळे...

ताईची निघायची सकाळ. बाबा फळ्या घेऊन परसात आले. मी त्यांच्या हातावर लालभडक टोमॅटो ठेवला. त्यांनी चावा घेतला, दाढी पुसली आणि फळ्या परत नेल्या.

मी थेट भिंतीशी गेले. "वाफा माझा झाला."

"म्हणजे आता... राख नको?"

"लागेल. दर उन्हाळ्याला लागेल. पण भिंतीवरून घ्यायचा मला कंटाळा आलाय. बाबा घरात आहेत. दारातून या."

तो आला. भुवयांवरचं पीठसुद्धा न पुसता.

तो वाफा पुढं एकाही उन्हाळ्यात रिकामा राहिला नाही. गेल्या उन्हाळ्यात, पहाटे भट्टी पेटवून झाल्यावर, हे गेले. रोपांना तेव्हा फुलं धरली होती.