वाडीवरून वाजलेली तिसरी घंटी

हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. मी जे ऐकलंय ते या कानांनी ऐकलंय. तेही रात्री-बित्री नाही, भर दुपारी. डहाणू स्टेशनजवळच्या आमच्या चिकूच्या वखारीत. साल एकसष्ट, वैशाख महिना.

आमची वाडी गावाबाहेर, कोसबाडच्या रस्त्याला. तिथे माझे सासरे, अण्णा, एकटेच राहायचे. आज किती करंड्या भरायच्या हे कळवायला रोज वखारीतून माणूस पळायचा. म्हणून फोन घ्यायचं ठरलं.

मी म्हटलं, सरकारी घ्या. मधे एक्स्चेंजवाला असतो, कोण बोलतंय ते विचारतो तरी.

पण ह्यांना कुठला धीर! "नंबर लागेपर्यंत आपण म्हातारे होऊ," म्हणाले, आणि मुंबईहून पलटणीतले दोन जुने फोन घेऊन आले. हँडल फिरवलं की दुसऱ्या टोकाला घंटी वाजते, तसले. परवाना काढला, ताडांवरून तार ओढली. एक टोक वखारीत, एक वाडीत. मधे कोणी नाही.

म्हणजे... आम्हांला तसं वाटलं.

पहिल्याच दिवशी अण्णा फोनवर इतक्या जोरात ओरडले की तारेची गरजच नव्हती.

"सूनबाई, ऐक! तीनदा घंटी वाजल्याशिवाय उचलायचा नाही. बाहेरचं काही असलं तर ते तीनदा हाक मारत नाही. मी तीनदा वाजवीन."

आमच्याकडची ही जुनी रीत. दुपारी बाहेरून कोणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची. पण मी म्हणते, ती त्या तारेवरूनच सांगायची काय गरज होती? घरी येऊन सांगता आली नसती?

काही दिवसांनी दुपारी घंटी वाजली.

एकदाच...

मी उचलला नाही. संध्याकाळी अण्णांना विचारलं. "छे गं, मी तर झोपलो होतो."

मग रोजच. ऊन डोक्यावर आलं, रस्ता ओस पडला, की एक घंटी.

पुढे दोन वाजायला लागल्या. दोन... आणि मग गप्प.

हे म्हणायचे, "वाऱ्याने तार हलत असेल." डोंबलाचा वारा! झाडाचं पान हलत नव्हतं.

आणि मग एका मंगळवारी...

तीन.

मी उचलला.

"सूनबाई..." आवाज अण्णांचाच. अगदी स्वच्छ. "विष्णूला पाठव. एकट्याला."

"काय झालं? बरं नाही का?"

"पाठव."

मी ह्यांना तसंच सांगितलं. हे जेवत्या ताटावरून उठले, सायकल काढली. मीच म्हटलं, लवकर जा.

थोड्या वेळाने दारात बैलगाडी थांबली. गाडी हाकत होता लाहू, आमचा वाडीवरचा गडी. आणि मागे, गालाला फडकं बांधून...

अण्णा.

सकाळीच डहाणूत आले होते, दाढ काढायला. तोंडात कापसाचा बोळा. धड बोलताही येत नव्हतं.

"विष्णू कुठाय?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"तुम्हीच बोलावलंत ना वाडीवर!"

त्यांनी कमरेची किल्ली काढून मला दाखवली. वाडीच्या घराला कुलूप होतं.

मी हँडल धरलं. तीनदा फिरवलं. कोणी नाही. पुन्हा तीनदा...

"हॅलो?"

हेच होते!

"अहो, अण्णा इथे आहेत! वखारीत, माझ्यासमोर!"

तिकडे नुसता श्वास. मग अगदी हळू आवाजात,

"मग... खाटेवर कोण बसलंय?"

"पळा!" मी किंचाळले. फोन बंद पडला.

लाहू वाडीकडे धावत सुटला. मी दारात उभी. देवाला काय काय बोलले, आता आठवत नाही. हे आले ते लाहूच्या खांद्याला धरून, अनवाणी, सायकल तिथेच टाकून. मी भर रस्त्यात त्यांना मिठी मारली. लोक बघत होते. बघेनात का!

दुसऱ्या दिवशी तार तोडली. अण्णा कायमचे आमच्याकडे राहायला आले. पुढे सरकारी फोनही लागला.

तिथे काय पाहिलं, ते ह्यांनी कधी सांगितलं नाही. कितीतरी वर्षांनी एकदा तापात बोलले.

"दार उघडंच होतं. तो पाठ करून बसला होता गं. मला वाटलं, अण्णाच. त्याने एवढंच विचारलं, 'सूनबाईचं नाव काय रे?' मला हसू आलं. म्हटलं, अण्णा, सुनेचं नाव विसरलात?"

"मग?"

"मग काय... सांगितलं."

एवढं सगळं मी बोलले, पण माझं नाव काही तुम्हांला सांगितलेलं नाही. रागावू नका. घरातही सगळ्यांना बजावून ठेवलंय, मला नावाने हाक मारायची नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी मागच्या दारी कोणीतरी हाक मारली. नावाने. तीनदा.

मी ओ दिली नाही. अजून तरी.