मिटलेल्या डोळ्यांचा फोटो

माझं ऑफिस रोह्याला, एका झेरॉक्सच्या दुकानावर. मी अपघाताच्या भरपाईचे दावे लढते. नवरा चिडवतो, तुझं घर लोकांच्या मोडक्या हाडांवर चालतं. चालतं बाई, नाही कोण म्हणतं? पण अशील माझ्याशी खोटं बोलला की माझं डोकं सणकतं, आणि दिनेशच्या बाबतीत तेच झालं.

दिनेश पेणचा. हैबतरावांच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचा. दिवाळीनंतर बायकोला, दर्शनाला, मोटरसायकलवर मागे बसवून कोलाडला सासुरवाडीला चालला होता. गडबजवळ ट्रेलरने उडवलं. दर्शना जागच्या जागी गेली. दिनेश वाचला, पण उजव्या हाताची बोटं मेली. सुई टोचली तरी कळायचं नाही.

मी दोन दावे लावले. दर्शनाच्या मृत्यूचा, त्यात तिचं काम दिनेशने सांगितलं तसं लिहिलं, गृहिणी. आणि दुसरा त्याच्या हाताचा. सगळी मदार दुसऱ्यावरच होती. डोळे आखणाऱ्याचा हात गेला म्हणजे रोजीरोटीच गेली, आणि पदरात सहा वर्षांची मुलगी, किमया.

फाइलसाठी दर्शनाचा फोटो मागितला, तर त्याने आणलेल्या फोटोत तिचे डोळे मिटलेले.

"दुसरा आणा की."

"नाय मॅडम. सगल्या फोटोत असाच हाय. समोर मोबाईल धरला का ती डोले मिटायची."

तोच फोटो लावला.

आषाढात विमा कंपनीच्या वकिलाने कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्या हातात चार फोटो ठेवले. हैबतरावांचा कारखाना, यंदाच्या मूर्ती, आणि डोळे पूर्ण आखलेले. "तुमच्या अशिलाचा हात बरा झालेला दिसतो," तो गोड हसून म्हणाला. ते डोळे पेणमध्ये कुणीही ओळखेल. खालची पापणी किंचित जड, आत्ताच रडून शांत झालेल्या माणसाची असते तशी. ती दिनेशची खूण होती.

दुसऱ्या दिवशी मी तडक पेण गाठलं. कारखाना जेवणासाठी बंद व्हायच्या बेतात होता. पावसाची झड लागलेली, आत ओल्या शाडूचा वास. दिनेश कोपऱ्यात डाव्या हाताने रंगाचे डबे पुसत बसला होता. मी त्याच्या उजव्या हातात ब्रश दिला. तो खाली पडला. पुन्हा दिला, पुन्हा पडला.

"मग डोळे कोण काढतंय?" मी हैबतरावांना विचारलं.

"दुपारी बंद करून जेवायला जातो, परत येऊन बघतो तर झालेले असतात," म्हातारा दुसरीकडे बघत म्हणाला. "गिऱ्हाईक खूश हाय. मी कशाला इचारू?"

म्हणजे मला दोघं मिळून मूर्ख बनवत होते. मी सगळ्यांना बाहेर काढलं. मागचं दार विटांनी बुजवलेलं, खिडक्यांना जाळ्या ठोकलेल्या. दाराजवळची ओळ अजून डोळ्यांविना कोरीच होती, ती नीट बघून ठेवली. कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि दिनेशला शेजारी घेऊन पायरीवर बसले. म्हटलं, आता बघतेच.

हैबतराव जेवायला गेले. पत्र्यावर पाऊस वाजत होता. दिनेश गुडघ्यात मान घालून बसलेला. मला डुलकी यायला लागली होती.

पाऊस थांबला तसा आतून आवाज आला. टक. टक. बशीच्या कडेला कुणी ब्रश झटकावा तसा.

मी दिनेशकडे बघितलं. त्याचे दोन्ही हात माझ्या डोळ्यांसमोर, गुडघ्यांवर होते.

टक. टक.

"उंदीर असेल," मी म्हटलं.

"आता नका उघडू, मॅडम," दिनेश पुटपुटला. "तिला मधी थांबवलेला आवडत नाय."

मी उघडलं.

आत कुणी नव्हतं. दाराजवळच्या ओळीतल्या मूर्ती आता बघत होत्या. शेवटच्या मूर्तीला एकच डोळा होता. दुसऱ्या बाजूला नुसता पांढरा रंग.

मी पायरीवर येऊन बसले.

दिनेश आपणहून बोलला. "आखणी माझी कधीच नव्हती. माझे बाबा बोलायचे, बाईच्या हातचे डोले म्हटलं का गिऱ्हाईक मागे फिरल. मंग दुपारी सगली जेवायला गेली का ती दार लावून बसायची. नाव माझा, हात तिचा. मी रंग कालवून द्यायचो."

"आणि मला गृहिणी लिहायला लावलंत?"

"लाज वाटली."

मला राग यायला हवा होता. आला नाही. "खरं लिहिलं तर तुमच्या हाताच्या दाव्यात फारसं उरणार नाही," मी म्हटलं. "तिच्या दाव्यात वाढेल, पण साक्षीदार मिळाला तर. नाहीतर दोन्ही हातचे जातील. आणि सगळं पेण हसेल."

त्याने उघड्या दारातून त्या एकडोळ्या मूर्तीकडे पाहिलं.

"लिवा मॅडम. किमयाला तरी कळू दे, तिची आई काय करायची ती."

हैबतराव जेवून परतले तेव्हा दिनेशने त्यांच्यासमोर पुन्हा सगळं सांगितलं. म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "मला म्हायत होतं. मी साक्ष देतो."

घरी येऊन मी अर्जदुरुस्ती तयार केली. दर्शना, मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारी कारागीर. ते वाक्य टाइप करताना आत कुठेतरी बरं वाटलं.

सकाळी ऑफिस उघडते न उघडते तोच हैबतरावांचा फोन. कालपासून एकाही मूर्तीला डोळे आले नव्हते. त्या मूर्तीचा दुसरा डोळाही तसाच राहिला होता. आता दुसरा आखणीवाला शोधावा लागेल, म्हणाले.

झालं, मिटलं, असं मला वाटलं. बाहेर ऊन पडलं होतं, खाली झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं. नवा कागद लावायला मी कपाटातून फाइल काढली आणि दर्शनाच्या फोटोचं पान उलटलं.

ती माझ्याकडे बघत होती. खालची पापणी किंचित जड.

मी फोटोवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला काळं लागलं. रंग अजून ओला होता.