सोडायची जागा

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि आपल्या घराला जिना आहे, ही गोष्ट मला पहिल्यांदा नीट कळली. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि जिन्याखाली कोंबलेला संडास. झोपायच्या खोल्या आणि बाथरूम वर. बाबांची खाट हॉलमध्ये आली. अंघोळ घालायची तर मी पडदा ओढायचे, प्लास्टिक अंथरायचे आणि दाराला आतून कडी लावायचे. तेवढ्यात कुणी बेल वाजवली की बाबा डोळे मिटून घ्यायचे. मिठागरावर मुकादमी केलेला माणूस. त्यांनी डोळे मिटले की मला फार राग यायचा. कुणाचा, ते सांगता येत नाही.

आमचं घर पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, खाडीच्या अंगाला आहे. जमीन प्रकल्पात गेली, तिच्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेतला हा तुकडा मिळाला. मीठ पिकायचं त्याच जागेवर मुरूम टाकून सपाट केलेला. माझं लग्न मोडलं आणि मी परत आले, तेव्हा बाबांनी घर बक्षीसपत्राने माझ्या नावावर केलं. धाकटा भाऊ प्रितेश तेव्हापासून सणालासुद्धा येत नाही. तो खारघरला असतो, फ्लॅटची दलाली करतो.

घराच्या खाडीकडच्या भिंतीला लागून एक पट्टी मोकळी आहे. पुढच्या फाटकापासून मागच्या कंपाउंडपर्यंत सरळ. तिथे बाबांसाठी बाथरूमसकट एक खोली बसत होती. निनाद सावे म्हणून आर्किटेक्ट आहेत, त्यांना बोलावलं. त्यांनी पट्टी बघितली आणि मान हलवली.

"ही सामासिक अंतराची जागा आहे ताई. घर आणि हद्द यांच्यामध्ये एवढी सोडावीच लागते."

"माझ्याच जागेत?"

"तुमच्याच. पण अडचण खरी असेल तर नियमात सवलत मागता येते. अर्ज करू. डॉक्टरांचं सर्टिफिकेट लावू."

जमीन घेताना कुणी आमच्याकडे अर्ज केला नव्हता. उरलेल्या तुकड्यावर म्हाताऱ्याला अंघोळ घालायला मात्र आम्ही अर्ज करायचा. तो केला.

त्या संध्याकाळी बाबांना खिमटी भरवताना मी खोलीबद्दल सांगितलं. झटक्यानंतर त्यांची जीभ जड झाली होती, तरी बोलणं कळायचं.

"तितं बांदू नको, पोरी. ती वाट हाय."

"कुणाची वाट? मागे भिंत आहे. भिंतीपलीकडे चिखल."

"वाट हाय," ते म्हणाले. "आमी घर बांदला तवा पन सोरली व्हती."

"ती नियम होता म्हणून सोडली."

"नियम मागशी आला. वाट आदी."

मी त्यांचं तोंड पुसलं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. आजारी मेंदू काय काय बोलायला लावतो ते मला ठाऊक आहे.

नियमाप्रमाणे फाटकावर सूचना चिकटवली: या बांधकामाला कुणाची हरकत असल्यास कळवावी. दुसऱ्याच दिवशी प्रितेशचा फोन आला.

"ताई, तू हे परस्पर काय चालवलंयस? तिथे बिल्डर बघायला येणार आहे. तू मध्येच खोली काढलीस तर सगळं डील खराब होईल."

"बाबांना अंघोळीला जागा नाही."

"कर्नाळ्याकडे चांगलं केअर सेंटर आहे. मी बघून आलोय."

"बाबांना बघायला कधी येतोस?"

त्याने फोन ठेवला आणि रीतसर हरकत नोंदवली.

जागा पाहायला कनिष्ठ अभियंता आल्या, निशा मॅडम. वयाने लहान, कामाला पक्क्या. भर दुपारची वेळ होती. डोक्यावरून एक विमान उतरत गेलं आणि त्यानंतर इतकं शांत झालं की शेजारच्या इमारतीतला पाण्याचा पंप ऐकू येऊ लागला. मॅडमनी टेपचं एक टोक मला धरायला दिलं आणि त्या कंपाउंडला टेकल्या. मी घराच्या भिंतीला. टेप आमच्यामध्ये कमरेच्या उंचीवर ताणलेली.

ती मधोमध खाली गेली.

वाऱ्याने हलते तशी नाही. दोरी ओलांडताना माणूस ती हाताने खाली दाबतो, तशी. मग सुटली, वर आली, थरथरली. पुन्हा दाबली गेली. माझ्या बोटांना ओढ जाणवत होती. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. मॅडमनीही टेप गुंडाळली नाही. आम्ही दोघी ती धरून उभ्या राहिलो, रेल्वेचं फाटक उघडायची वाट बघत उभे असतो तशा.

शेवटी टेप स्थिर राहिली.

"मागे वस्ती आहे का?" मॅडमनी विचारलं.

"खारफुटी आहे. आणि खाडी."

त्यांनी माप लिहून घेतलं. चहाला थांबल्या नाहीत.

त्यानंतर मी पट्टीकडे नीट बघू लागले. फरशीवर पांढरं फुलून येत होतं. त्यात नवल नाही, भरावाखाली मीठ आहे, आमच्या भागात सगळ्यांच्याच भिंतींना ते फुटतं. पण इथे ते कडांना नव्हतं. मधोमध, वीतभर रुंदीचं, मागच्या भिंतीपासून फाटकापर्यंत गेलेलं. मी ब्रश आणि ॲसिड घेऊन घासलं. सकाळी परत तिथेच, तेवढंच. मी जिभेला लावून बघितलं. मीठच होतं.

सुनावणीला प्रितेश इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. साहेबांसमोर मात्र चांगला बोलला. बाबांच्या तब्येतीची काळजी, बहिणीचा हट्ट, मालमत्तेचं नुकसान. ऐकणाऱ्याला वाटावं, रोज हाच त्यांचे पाय चेपतो.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग चष्मा वर करून म्हणाले, "आणि दुसरे हरकतदार? त्यांनाही आत बोलवा."

"दुसरे कोण?" मी विचारलं.

"बाहेर बसलेत ते. सकाळपासून बसलेत. तुमच्याच गावचे ना? डोक्याला फडकी बांधलेले." त्यांनी शिपायाला खूण केली.

शिपाई दारात गेला आणि तिथूनच म्हणाला, "गेले वाटतं साहेब."

मी उठून बाहेर आले. व्हरांड्यातला लांब बाक रिकामा होता. बाकाची फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत ओली होती, आणि फरशीवर पाण्याची थारोळी साचली होती. शिपाई फडकं आणायला निघाला होता.

"काय माणसं असतात," तो पुटपुटला. "पायसुद्धा झटकून येत नाहीत."

मी आत जाऊन बसले. मला काही म्हणायचं आहे का, असं साहेबांनी विचारलं. माझ्यासमोर प्रितेशचा इस्त्रीचा शर्ट होता. मी म्हणाले, "माझे वडील हॉलमध्ये पडद्यामागे अंघोळ करतात. मला खोली हवी आहे."

वैद्यकीय कारणास्तव सवलत मंजूर झाली. जिन्यात प्रितेशने मला गाठलं.

"जिंकलीस. आता ठेव बाबांना त्या खुराड्यात."

"तू ने तुझ्याकडे. आज ने."

तो जिना उतरून खाली गेला. मोटारसायकलला चावी लावून निघून गेला.

खोली चांगली झाली. रुंद दार, पकडायला दांडे, बसून अंघोळीची सोय. खाडीकडे गज लावलेली खिडकी. येण्याजाण्याचा रस्ता एकच, हॉलमधून. गवंड्याने मागची भिंत दोनदा पाडून बांधली, कारण गिलावा धरत नव्हता. सिमेंट खारं आहे म्हणाला. मी दुसऱ्या दुकानातून सिमेंट आणलं.

बाबांना खोलीत नेलं त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा शॉवरखाली बसवलं. गरम पाणी, दार बंद, घाई नाही. वाटलं होतं, आता तरी त्यांचा चेहरा निवेल. ते सारखे दाराकडे बघत होते.

त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. अबोला नव्हता तो. पाहुण्यांसमोर आपण घरातलं बोलत नाही, तसं काहीतरी होतं. खाट मी खोलीच्या मध्यावर ठेवली होती, दोन्ही बाजूंनी फिरता यावं म्हणून. घरी आले की ती बाजूच्या भिंतीला चिकटलेली असायची. मी कामावर असताना बाबांपाशी बसणाऱ्या गोदूमावशींना विचारलं तर म्हणाल्या, "मी कशाला ढकलू? मना वाटला, तुनाच ठेवली."

मी खाट पुन्हा मधे आणली. माझी खोली होती ती. परवानगी घेऊन बांधलेली.

रविवार होता. दुपारी वीज गेली. मी बाबांच्या उशाशी बसून पंख्याने वारा घालत होते. बाबांचे डोळे उघडे होते.

आधी वास आला. भरतीनंतर उन्हात तापलेल्या चिखलाचा.

मग श्वास ऐकू आले. पावलांचा आवाज नव्हता. डोक्यावर ओझं असलं की माणूस दात आवळून, नाकाने, तुटक श्वास घेतो. तसे पुष्कळ श्वास. मागच्या भिंतीकडून येणारे, आणि खाटेपाशी येऊन अडणारे.

एकामागे एक अडत होते. मागचे थांबत होते.

मी पंखा हलवत राहिले. हात थांबवायची भीती वाटली.

बाबांनी पाय आखडून घेतले. दोन्ही. डावा पाय वर्षभरात हलला नव्हता.

"जाव दे," ते म्हणाले. स्पष्ट, अगदी पूर्वीच्या आवाजात. माझ्याशी नव्हे.

बाहेर कुणीतरी दाराची कडी वाजवली.

गॅसवाला होता. मी हॉल ओलांडून दार उघडलं, रिकामा सिलेंडर दिला, भरलेला आत घेतला. खोलीचं दार माझ्या पाठीमागे उघडंच होतं. त्या दारातून कुणी आलं नाही.

मी परत गेले तेव्हा खाट भिंतीला लागलेली होती. चादर ओढून नीट केलेली. गजांची खिडकी जशीच्या तशी.

बाबा नव्हते.

पुढचं सगळं कागदावर आहे, त्यामुळे सांगायला सोपं आहे. हरवल्याची तक्रार. शेजारच्या इमारतीच्या इन्व्हर्टरवरच्या कॅमेऱ्यात आमचं फाटक दिसतं. त्यात गॅसवाला आला आणि गेला, बाकी कुणी नाही. थेट करंजा बंदरापर्यंतच्या कोळ्यांनी खाडीत होड्या घातल्या. पोलिसांनी मी बांधलेल्या खोलीची फरशी उखडून बघितली आणि खाली मुरूमच निघाला. फरशी मी स्वतःच्या खर्चाने पुन्हा बसवून घेतली. गावातल्या बायका नळावर मला बघून बोलायच्या थांबतात. चालताही न येणारा माणूस बंद घरातून कुठे जाईल, आणि घरात कोण होतं, एवढाच हिशेब त्यांना येतो. त्यांच्या जागी मीही तोच केला असता.

प्रितेश मात्र आता येतो. दर पंधरा-वीस दिवसांनी येतो. बाबा होते तेव्हा आला नाही तेवढा.

परवा आला तो सरळ त्या खोलीतच गेला. मी मागोमाग गेले. तो खोलीच्या मधोमध उभा राहून बोलत होता. मी घरासाठी बाबांचं काय केलं असेल, कुणाची मदत घेतली असेल, वकील काय म्हणतो. मी दाराला टेकून ऐकत होते. 

बोलता बोलता तो बाजूला झाला. पाठ भिंतीला लावली, अंग चोरून घेतलं आणि बोलतच राहिला. त्याची नजर माझ्यावर होती, आपण सरकलो हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग त्याचा उजवा हात पुढे आला, कोपरात वाकलेला, तळवा वर. उंबऱ्यावर म्हाताऱ्या माणसाला आधार द्यायला आपण धरतो तसा. हातावर भार आला तेव्हा त्याचा खांदा किंचित खाली गेला. तो भार त्याने दोन पावलं चालवत नेला आणि सोडला.

"शेवटचं विचारतो, ताई," तो म्हणाला. "बाबांना कुठे ठेवलंयस?"

आणि ओला झालेला तळहात त्याने पँटला पुसला.