मामीच्या परसातला कोळी

लाईट गेलीच आहे तर ती मेणबत्ती जरा माझ्या बाजूला सरकवा. तोंडावर उजेड असला की माणसाला खोटं बोलता येत नाही म्हणतात. माझ्या पडू द्या.

गेल्या श्रावणातली गोष्ट. मी तळेगावात मिक्सरचं भांडं दुरुस्तीला टाकायला निघालो होतो. भांडं पिशवीत, पिशवी गाडीच्या हँडलला, आणि तुंगार्लीहून मामेभाऊ कैलासचा फोन आला.

"हौशीराम, तुला जाळं विणणारे कोळी ओळखता येतात का रे?"

मला सगळंच ओळखता येतं. कोराईगडाखाली एकदा चुकलो होतो तेव्हा बिबट्याने मला वाट दाखवली, आणि ती जवळची निघाली. पण तो विषय आज नाही.

"येतात की," म्हणालो.

"मग लगेच ये. परसात आबा आलेत का ते बघायचंय."

आबा म्हणजे कैलासचे वडील, माझे महिपतीमामा. त्यांना जाऊन तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता. मी गाडी तिथेच वळवली. मिक्सरचं भांडं अजून दुरुस्त झालेलं नाही, पण ती आमच्या घरातली वेगळी भयकथा आहे.

मामा रेल्वेत होते. घाटात रुळांच्या कडेने हातोडा घेऊन चालायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या ठोकत जायचं आणि आवाजावरून ढिली कुठली ते ओळखायचं. अशा माणसाला चावीवाला म्हणतात. निवृत्त झाले तरी हात थांबला नाही. खाटेचे पाय ठोकायचे, दाराच्या कड्या ठोकायचे, जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याचीही पाठ ठोकली आणि कान देऊन ऐकलं.

ते गेले मागच्या पडवीत. आमच्याकडे एक रीत आहे. दहाव्याच्या आदल्या रात्री, जिथे प्राण गेला तिथे पीठ चाळून पसरायचं, दिवा ठेवायचा, वर पाटी झाकायची. सकाळी पिठात ज्याचं पाऊल उमटलेलं दिसेल त्या जन्माला माणूस गेला. मामांच्या पिठात नुसती टिंबं उमटली होती. बारीक, वेडीवाकडी, पुष्कळ. कुणी पाल म्हणालं, कुणी कोंबडीचं पिल्लू. मामी हात धुवायला परसात गेली. आणि त्याच सकाळी परसातल्या फणसापासून न्हाणीच्या भिंतीपर्यंत एक जाळं ताणलेलं तिला दिसलं. मधोमध तळहाताएवढा कोळी. काळाकुळकुळीत, अंगावर पिवळ्या रेघा.

आता अडचण ऐका. कैलासला बंगला शनिवार-रविवारी पाहुण्यांना भाड्याने द्यायचा होता. पाहुणे फोनवर नाव सांगायच्या आधी विचारतात, पूल आहे का. पूल म्हणजे पोहायचा. तो खणायला जागा एकच होती, फणसाची. विठाबाईमामी फणसाला पाठ लावून बसली होती.

"ह्ये हितं ऱ्हातील तवर कुराड लागायची न्हाई," ती मला म्हणाली. नवऱ्याचं नाव ती घेत नसे, आणि बोलताना कोळ्याकडे बघून पदर डोक्यावर ओढत होती. "सकाळच्याला बघितलंस का? दोरी-दोरी ठोकत जात्यात."

खरंच, तो कोळी एक पाय पुढे करून जाळ्याचा धागा हलकेच हलवी. थांबे. मग दुसरा धागा. ढिली चावी शोधत असल्यासारखा. माझ्या अंगावर काटा आला. तो मी थंडीवर ढकलला.

"जाणकाराला दावा," मामीने शब्द दिला. "साधा किडा निघाला तर मी उठते. ह्ये निघालं तर तुजा जेसीबी माघारी."

कैलासने मान्य केलं. जेसीबी दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता.

जाणकार माझ्याकडे होती. आमच्याच सोसायटीतली अमृता, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिच्या घरातली जाळी कुणी झाडत नाही. तिच्याकडे त्याला अभ्यास म्हणतात, आमच्याकडे आळस. मी फोटो पाठवला. ती म्हणाली, शेजारी काडेपेटी धरून काढा. धरून काढला. मग म्हणाली, चेहऱ्याचा काढा, डोळे कसे मांडलेत ते बघायचंय.

"डोळं?" मामी पुढे सरकली. "डाव्या डोळ्यात फूल हाय का बघाय सांग. ह्यांच्या व्हतं."

"आजी, त्याला आठ डोळे असतात," फोनमधून अमृता म्हणाली.

"मग आठात एकात तरी आसंल की."

मी फोन जाळ्याजवळ नेला आणि धुकं उतरलं. तुंगार्लीचं धुकं तुम्हाला सांगायला नको. दुपारचे चार, आणि समोरचा फणस नाहीसा. लाईट गेली. खाली पडून नासलेल्या फणसांचा गोड, आंबूस वास दाटून आला. फोटोत नुसता पांढरा कागद. आणि त्या पांढऱ्यातून आवाज आला... टिक... टिक...

"रेल्वेचे लोक असतील, खाली लाईनवर," कैलास म्हणाला.

"आसतील," मामी म्हणाली, आणि पदर अजून थोडा ओढला.

कोळ्याच्या पायाचा आवाज येत नाही, हे मलाही माहीत आहे. मी फक्त ऐकलेलं सांगतो.

अमृता स्वतः आली, तेव्हा धुकं थोडं विरळ झालं होतं. बॅटरी घेऊन जाळ्याला नाक लागेल इतकी जवळ गेली आणि खूश झाली. असल्या बायका कशावर खूश होतील सांगता येत नाही.

"मोठा रानकोळी," ती म्हणाली. "इतका मोठा मी पहिल्यांदाच बघतेय. सुंदर आहे ही."

"ही?" कैलास म्हणाला.

"हो, मादी. यांच्यात एवढी मोठी मादीच असते."

कैलासने एक मोठा श्वास सोडला. "ऐकलंस ना आई? बाईमाणूस आहे. आबा नाहीत."

इतके दिवस मामी त्या बयेसमोर पदर घेऊन वावरत होती. सकाळचा पहिला चहा तिच्यापुढे ठेवत होती. मामीने पदर डोक्यावरून खाली घेतला आणि कमरेला खोचला.

"आन नर कसा आसतो?" तिनं विचारलं.

"नर एवढासा. हा बघा, वर कोपऱ्यात."

बॅटरीच्या उजेडात, जाळ्याच्या पार टोकाला, मसुरीच्या दाण्याएवढं तांबूस काहीतरी अंग चोरून बसलं होतं.

"ती जेवत असली की हा हळूच मागून येतो," अमृता सांगत होती. "तिच्या ताटातलं थोडं खातो आणि परत कोपऱ्यात."

मामीने टाचा उंचावून त्या दाण्याकडे बघितलं.

"ह्येच ह्ये," ती म्हणाली. "खोड गेली न्हाई."

"आई," कैलास म्हणाला.

"गप. संसार माजा झालाय का तुजा?" मग अमृताकडे वळून, आवाज खाली आणून, "आन ही बया कोन?"

अमृताने माझ्याकडे पाहिलं. कॉलेजात असले प्रश्न विचारत नसावेत.

"हा तिच्यापाशीच राहणार, आजी. दुसरीकडे नेऊन ठेवला तर जगायचा नाही. तसा तिला घाबरूनच असतो, कारण..." ती अडखळली. "कधी कधी ती त्याला खाते."

"नवऱ्याला?"

"हो."

फणसावरून पाणी ठिबकत होतं. मधोमध बसलेलीने एक पाय उचलून धागा हलवला, आणि कोपऱ्यातला दाणा थरथरला.

आता खरी पंचाईत झाली. जाळं तोडलं तर मामा गेले, जाळं ठेवलं तर ती खाणार. एकदा पोचवलेल्या माणसाला परत पोचवायची पाळी मामीवर आली होती.

"आई, मेलेला माणूस परत मरतो का?" कैलास म्हणाला.

"तू मरून आला व्हतास का, ठावं असायला?" मामी फणसाखाली पाट टाकून बसली. "तुमी जावा आत. मी बोलते तिच्यासंगं."

"आजी, ती जागा सोडून जाणारी नाही," अमृता म्हणाली. "पूर्ण हंगाम तिथेच बसते."

"बगू की."

धुक्यात रस्ता दिसत नव्हता म्हणून अमृताही मुक्कामाला राहिली. मामीला आत आणायला कैलास गेला आणि एकटाच परत आला. "चल म्हटलं तर माझ्याकडे बघितलं," एवढंच बोलला. झोप लागेपर्यंत मला टिकटिक ऐकू येत होती. मग एकदम थांबली. उठून बघावं असं मनात आलं, पण पाय थंड पडले होते आणि मन पायांच्या मताचं निघालं.

सकाळी लख्ख ऊन. फाटकाशी जेसीबी घरघरत उभा. आम्ही मागे गेलो. मामी पाटावर तशीच बसलेली, पदर नीट डोक्यावर. जाळं अखंड, एक धागा तुटलेला नाही. आणि मधोमध, जिथे ती बया बसायची तिथे, मसुरीचा दाणा पाय पसरून ऐसपैस बसलेला.

अमृताने फणसाचं खोड बघितलं, न्हाणीची भिंत बघितली, गवत चाचपलं. "असं होत नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "गेली कुठे?"

"सांगितलं तिला," मामी म्हणाली. "शानी व्हती. ऐकलं."

कैलासने एकदा जाळ्याकडे बघितलं, एकदा आईकडे. मग फाटकाशी जाऊन त्याने जेसीबीवाल्याला माघारी पाठवलं. परत येताना त्याच्या हातात चहाचा कप होता. तो त्याने आईपुढे धरला.

"नगं," मामी म्हणाली. "प्वाट भरलंय."

कैलासने माझ्याकडे बघितलं. काल दुपारपासून तिच्या पोटात पाण्याचा घोट गेलेला नव्हता. मामी जीभ गालात फिरवत होती, सुपारीचं खांड अडकलं की फिरवतात तशी.

"हौशा, दातात कायतरी रुतलंय रं. येक काडी दे मोडून."

मी काडी दिली. तिनं दाढेत घालून जरा कोरलं, मग दोन बोटांनी धरून सावकाश ओढलं. ते काळं होतं, केसाहून जाड, आणि यायचं थांबेना. संपूर्ण बाहेर आलं तेव्हा मामीने ते उन्हात धरून बघितलं. त्याला मधे सांधा होता. आणि तो सांधा हळूच वाकला.