ज्याच्या हाती चिमटा

पॅटिस एकच उरलं होतं आणि ते दोघांना विकलं गेलं होतं.

होबार्ट बंदराच्या धक्क्यावर ग्वेंडा आणि बेरिल या दोन बहिणींची पॅटिसची गाडी असायची. गाडीला दोन खिडक्या, पण गरम पेटी मधे एकच. टॅमसिनने अलीकडच्या खिडकीत विचारलं, "शिंपल्यांचं आहे?" ग्वेंडाने पेटीत डोकावून "आहे की एक" म्हणून पैसे घेतले. तेवढ्यात पलीकडच्या खिडकीतल्या बेरिलनेही पेटीत डोकावलं, तिलाही एक दिसलं, तिनेही पैसे घेतले. मग दोघींचे हात पेटीत एकमेकींवर आपटले.

"ते माझं आहे हं," पलीकडून आवाज आला. निळी लोकरीची टोपी, वाऱ्याने लाल झालेलं नाक, आणि डोळ्यांत हसू.

"पैसे मीही दिलेत," टॅमसिन म्हणाली.

"पण मी आधी विचारलं."

"विचारून काय होतं? विचारणं आणि हातात येणं, यांच्या मधल्या फटीतच सगळा घोळ होतो."

त्याने टोपी मागे सरकवली. "तुम्ही... ड्रायव्हर लिहिता का हो?"

"कशावरून?"

"पॅटिसवरून एवढं तत्त्वज्ञान दुसरं कोण सांगणार!"

टॅमसिनला हसू फुटलं. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि संगणक यांच्यातला दुभाष्या प्रोग्रॅम. तोच ती लिहायची. आणि हा पॅटिसचा घोळ म्हणजे तिचं रोजचं दुखणं. दोघे जण एकाच वेळी एकाच गोष्टीकडे बघतात, दोघांनाही ती मोकळी दिसते, आणि दोघेही हात घालतात. त्यांच्या धंद्यात याला शर्यत म्हणतात. या शर्यतीत जिंकत कोणीच नाही, यंत्र तेवढं गोठतं.

"उपाय सोपा आहे," ती बहिणींना म्हणाली. "गाडीवर चिमटा एकच ठेवा. जिच्या हातात चिमटा, तिनेच पेटीत बघायचं, तिनेच सांगायचं, तिनेच काढून द्यायचं. तोवर दुसरीने गप्प उभं राहायचं."

"आणि हिने चिमटा सोडलाच नाही तर?" बेरिलने विचारलं.

"तर बहीण बदला!"

ग्वेंडाने पॅटिस सुरीने मधोमध कापलं आणि अर्धं अर्धं दोघांच्या हातावर ठेवलं. "भांडू नका रे पोरांनो. लग्नाला बोलवा म्हणजे झालं."

दोघेही लाजले. लाज लपवायला त्याने घाईघाईने नाव सांगितलं, यूअन मॅकअस्किल. तिने "टॅमसिन ओडगर्स" म्हटलं आणि त्याचा घास तोंडातच राहिला.

"तुम्हीच का त्या! माझी दुरुस्ती परत पाठवलीत ती? सगळ्या जगासमोर बिनपाण्याने केलीत माझी!"

"तो तुम्ही होय?" टॅमसिन गाल चोळत म्हणाली. "मग... जरा जास्तच लिहिलं का मी?"

"'हे लिहिणारा झोपेत होता काय', एवढंच!"

"होतात का?"

"होतो," तो म्हणाला. दोघेही इतके हसले की धक्क्यावरच्या बगळ्यांनी बस्तान हलवलं.

यूअनने एक यंत्राचा कान बनवला होता, दक्षिणेच्या बर्फाखाली सोडून देवमाशांची गाणी ऐकणारा. कान पाण्यात सोडायचा, परतीच्या वाटेवर हाक मारायची, की तो आपोआप वर यायचा. पण वीज वाचवायला तो अधूनमधून झोपायचा, आणि तिथेच माशी शिंकत होती. त्याच्या आतला संगणक विचारायचा, "जागा आहेस?" कान म्हणायचा, "आहे." आणि संगणकाचा हात पोचेपर्यंत कान झोपलेला असायचा. मग सगळंच गोठायचं, बंद करून सुरू करेपर्यंत.

त्या ड्रायव्हरची राखण टॅमसिनकडे होती. कोणीही दुरुस्ती पाठवावी, पण तळाशी तिचं "तपासलं" आल्याशिवाय ती आत जायची नाही. हा एक शब्द ती कधी उधार देत नसे.

मग काय, दुरुस्तीच्या निमित्ताने यूअन रोज तिच्याकडे येऊ लागला. पडद्यावर ती बोट ठेवायची आणि त्याची नजर बोटावरून मनगटावर, मनगटावरून आणखी कुठे घसरायची. "इकडे बघ," ती दटावायची. "तिकडेच तर बघतोय," तो म्हणायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. डोंगरावरून उतरणारा वारा खिडकी वाजवायचा, त्याच्या टोपीला ओल्या लोकरीचा वास यायचा, आणि टॅमसिनला त्या वासाने काम सुचेनासं व्हायचं. इतकी वर्षं तिने दुसऱ्यांच्या चुका शोधल्या होत्या. चूक शोधावीशी वाटू नये असा माणूस तिला पहिल्यांदाच भेटला होता.

एक दिवस यूअन नाचतच आला. "सुटलं! झोपण्याआधी कानाला जरासं थांबायला लावलं, आता गोठत नाही."

टॅमसिनने वाचलं आणि तिचं तोंड उतरलं. "यूअन, ही दुरुस्ती नाही, फट झाकलीयस नुसती. चिमटा कुठाय यात? तू बेरिलला म्हणतोयस, जरा थांब, तेवढ्यात ग्वेंडाचा हात पोचेल. नाही पोचला तर?"

"चिमटा घालायचा तर अर्धा ड्रायव्हर नव्याने लिहावा लागेल. तीन आठवडे तरी जातील. आणि दक्षिणेला जाणारं जहाज या शुक्रवारी सुटतंय." तपासलेलं नसेल ते जहाजावर चढत नसे. यूअनची जागा दुसऱ्या कोणाच्या यंत्राला जाणार होती, आणि पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नव्हता.

गुरुवारी दुपारी तो पुन्हा आला. हातात पॅटिस होतं, अर्धं कापलेलं. त्याने तिचा अर्धा भाग तिच्यापुढे ठेवला.

"एक सांग," टॅमसिनने विचारलं. "थांबा घातल्यापासून एकदाही गोठलं नाही ना?"

यूअन पॅटिसचा कागद चुरगाळत राहिला. "नाही..."

"शपथ?"

"नाही म्हटलं ना, टॅमसिन." मग त्याने तिचा हात धरला. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. आल्यावर दोघं बसून नीट लिहू. चिमटा, बिमटा, सगळं. एवढ्या वेळी... माझ्यासाठी?"

तिचा हात असा कधी कोणी धरला नव्हता. तिला वाटलं, सगळंच काय तपासून घ्यायचं असतं? तिने तो शब्द लिहिला. पडद्यावर तळाशी दोन ओळी उमटल्या: लिहिलं, यूअन मॅकअस्किल. तपासलं, टॅमसिन ओडगर्स.

"बघ," तो तिच्या कानाशी म्हणाला, "लग्नाच्या पत्रिकेसारखं दिसतंय."

"एकदा आत गेलं की पुसता येत नाही हं."

"कोणाला पुसायचंय?" आणि त्याने तिचं चुंबन घेतलं. शुक्रवारी जहाज सुटलं तेव्हा धक्क्यावर उभी राहून ती वेड्यासारखी हात हलवत होती.

उन्हाळा संपता संपता जहाज परतलं. यूअन तिच्याकडे आला नाही. आली ती मेरेआना, देवमाशांच्या गाण्यांवर प्रबंध लिहिणारी मुलगी. तिचा सगळा अभ्यास त्या कानात साठायचा होता.

"हाका मारमारून घसा बसला ताई," मेरेआना म्हणाली. "कान वर आलाच नाही. खालीच गोठला. बर्फाखालच्या थंडीत सगळं सावकाश चालतं ना, तो थांबा पुरला नाही म्हणे. प्रबंध गेला माझा तळाला." ती हसायचा प्रयत्न करत होती. "माझंच चुकलं. धक्क्यावर गोठला तेव्हाच मी ओरडायला हवं होतं."

"धक्क्यावर?"

"निघायच्या आदल्या दिवशी. सकाळी. यूअनने बंद करून सुरू केला आणि म्हणाला, काही नाही, टॅमसिनला सांगतो मी... सांगितलं असेल ना त्याने?"

टॅमसिनने मान खाली घातली. गुरुवारी सकाळी गोठलं, आणि गुरुवारी दुपारी पॅटिस आलं. तिला रडू येईना.

"नाही," ती म्हणाली. "पण मीही तपासलं नाही. माझ्या नावाचा भरवसा तू धरलास, तो खोटा होता." त्या मुलीपुढे एवढं बोलणं तिला जन्मात गेलं नव्हतं इतकं जड गेलं.

मग तीन आठवडे ती कोणाशी फारसं बोलली नाही. अर्धा ड्रायव्हर तिने एकटीने नव्याने लिहिला. ज्याच्या हाती चिमटा त्यानेच विचारायचं, त्यानेच हात घालायचा, बाकीच्यांनी थांबायचं. काम झालं त्या संध्याकाळी यूअन तिला ग्वेंडाच्या गाडीपाशी भेटला. टोपी तीच होती, आतला माणूस सुकला होता.

"मी सांगणार होतो," तो म्हणाला. "परत आलो की लगेच..."

"मी विचारलं होतं, यूअन. तोंडावर विचारलं होतं."

"खरं सांगितलं असतं तर नाव दिलं असतंस?"

"नाव नसतं दिलं. बाकी सगळं दिलं असतं."

"प्रेम खोटं नव्हतं, टॅमसिन."

"माहीत आहे. म्हणून तर जळतंय. खोटं असतं तर थुंकून मोकळी झाले असते."

"ती जुनी दुरुस्ती... काढून टाकलीस?"

"तुला रीत ठाऊक आहे. पुसायचं काही नसतं. नवी वर चढवायची आणि खाली लिहायचं, कुठल्या जुन्या दुरुस्तीने हा घोळ घातला." तिचा आवाज पहिल्यांदाच कापला. "लिहिलंय. आता कोणीही उघडून बघेल, आपली दोघांची नावं एकाखाली एक. तेवढ्या एकाच जागी. कायमची."

"पोरांनो!" ग्वेंडाने खिडकीतून हाक मारली. तिच्या हातात चिमटा होता आणि बेरिल मागे गप्प उभी होती. "शिंपल्यांचं एकच उरलंय. कापू का मधोमध?"

यूअनने टॅमसिनकडे पाहिलं. काही क्षण तिलाही वाटलं, हो म्हणावं.

"नको," ती म्हणाली. "अख्खं त्यालाच द्या." आणि तिने पैसे काढून ग्वेंडापुढे ठेवले, पूर्ण एका पॅटिसचे, आणि घराची वाट धरली.